दोन घरची मांजर

आमच्या मांजरीच्या पोटाला गाठ आहे हे मला मागच्या पायरीवर कळलं. बंबात पाणी तापत होतं, ती मांडीवर उताणी पडली होती, आणि हाताला हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागलं. बायको म्हणाली, "गोचीड असेल." गोचीड नव्हती. दोन दिवस मी ती गाठ येता-जाता चाचपून पाहिली. तिसऱ्या दिवशी तसंही बोर्लीच्या बाजारात जायचं होतं, तेव्हा मांजरीला भाजीच्या टोपलीत बसवलं, वर दुसरी टोपली पालथी घातली, सुतळीने बांधली आणि गुरांच्या डॉक्टरकडे नेली.

डॉक्टरांनी वरची टोपली उचलली. मांजरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मांजरीकडे.

"ही काल येऊन गेली," ते म्हणाले.

"शक्य नाही. काल ती घरी होती."

"काल अकराच्या सुमारास ती या टेबलावर होती. डाव्या कानाला हीच चीर. एक दाढीवाले गृहस्थ घेऊन आले होते. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. गाठ काढायला हवी. मी गाईम्हशींचा माणूस, मांजराचं ऑपरेशन अलिबागला होईल. उशीर करू नका."

अकरा वाजता ती घरी होती हे मी शपथेवर सांगू शकलो नसतो. ती सकाळी दहाला जायची आणि संध्याकाळी चारला यायची. सुपारीच्या वाडीत सावलीला झोपत असेल, अशी आमची तेरा वर्षांची समजूत होती.

आमच्या आळीत दाढीवाले गृहस्थ एकच, आमचे शेजारी. तीसेक वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून काम करून ते गावी परतले त्याला बारा वर्षं झाली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी लग्न करून म्हसळ्याला. आमच्या आणि त्यांच्या वाडीमध्ये कंबरभर उंचीचा दगडी गडगा. मी त्यांना भाई म्हणत असे, ते मला मास्तर. माझ्या बायकोचं आणि त्यांचं बारा वर्षांत एकच वाक्य झालं होतं, तेही वरचेवर तेच: "पाणी आलं का?"

मी टोपली घेऊन तसाच त्यांच्या फाटकापाशी गेलो.

"भाई, काल आमची मांजर तुम्ही डॉक्टरकडे नेली होती का?"

"तुमची न्हाय," ते म्हणाले. "माझी नेली होती."

मी टोपली खाली ठेवून उघडली. मांजरीने त्यांना पाहिलं आणि एक लांब, लाडिक आवाज काढला. तसा आवाज आमच्या घरात तिने कधी काढला नव्हता.

"किती वर्षं येते तुमच्याकडे?"

"येते म्हंजे? राहते. सांजची तेवढी कुठे तरी फिरायला जाते."

"ती आमच्या माळ्यावर झोपते."

त्यांनी थोडा वेळ दाढी कुरवाळली. "मग दिवसाची माझी," ते म्हणाले. "अलिबागला कधी जायचं?"

त्यांची एक जुनी व्हॅन होती. ठरलेल्या दिवशी ती घेऊन आम्ही दिघीला गेलो आणि गाडीसकट फेरीबोटीवर चढलो. मांजर घरापासून दिघीपर्यंत एका सुरात रडत होती. बोटीवर आमच्या शेजारी मासळीच्या पाट्या घेऊन दोन बायका बसल्या, तशी ती गप्प झाली. आगरदांडा येईपर्यंत तिने टोपलीच्या भोकातून नाक बाहेर काढून ठेवलं होतं. मुरुड मागे पडल्यावर पुन्हा सुरू.

अलिबागच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा होत्या. त्यांच्यासमोर एक छापील कागद होता.

"मालकाचं नाव?"

आम्ही दोघांनी आपापलं नाव सांगितलं. बाईंनी पेन थांबवलं. कागदावर एकाच नावाची जागा होती. शेवटी त्यांनी माझं नाव रेषेवर लिहिलं आणि भाईंचं रेषेखाली.

"मांजरीचं नाव?"

"नाही ठेवलं," मी म्हणालो.

"हाय," भाई म्हणाले आणि त्यांनी ते सांगितलं. ते नाव मी इथे देत नाही, कारण ते त्यांच्या सासूबाईंचं आहे.

"खाते काय?"

"दूधभात," मी म्हणालो.

"बोंबील," भाई म्हणाले. "कधी मांदेली. बांगडा तिला पचत न्हाय."

मी गणित शिकवलेला माणूस. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही, आणि इतक्या कमी दूधभातावर ही इतकी गुबगुबीत कशी, हा हिशेब मी तेरा वर्षांत एकदाही मांडला नव्हता. माझी बायको तर पाहुण्यांना सांगायची, आमची मांजर माशाला तोंड लावत नाही.

ऑपरेशनच्या आधी एक्स-रेचा फोटो काढला. बाईंनी तो उजेडासमोर धरला. छातीत काही दिसत नव्हतं, ती चांगली गोष्ट. पण मागच्या दोन्ही खुब्यांत आणि पाठीच्या मणक्यांत संधिवात दिसत होता, आणि तो आजचा नव्हता.

"उड्या मारणं कमी झालं असेल ना हिचं?"

झालं होतं. वर्षभर ती माळ्याच्या शिडीखाली बसून वर बघायची. मला वाटायचं वर पाल असेल. भाई म्हणाले, त्यांच्याकडे ती ओट्यावर चढताना आधी पुढचे पाय टेकून थांबायची, मग मागचे ओढून घ्यायची. त्यांना वाटलं, लाडात आली. आम्ही दोघंही मग त्या फोटोकडे बघत राहिलो.

ती आत असताना आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. भाईंनी डबा आणला होता, माझ्यासाठी वेगळं थालीपीठ बायकोने दिलं होतं. डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "बायको गेली तेव्हा लोक चाळीस दिवस येत होते. मग बंद झाले. ही येत राहिली. घरात माणसाने काही तरी बोलायला पायजे ना, मास्तर. मी हिच्याशी बोलतो."

मी म्हटलं, "उत्तर देते का?"

"जेवण झाल्यावर न्हाय देत."

संध्याकाळी ती आमच्या हातात मिळाली. एका बाजूने पोट भादरलेलं, छातीपासून मांडीपर्यंत टाके, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. सूचना अशा: दोन आठवडे एका खोलीत ठेवायची. उडी नाही, जिना नाही. दुखण्याचं औषध थेंबांनी, सांगितलं तेवढंच. माणसांची तापाची किंवा दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही, त्याने मांजर मरते. आणि खाल्लंच पाहिजे. एक दिवस चालेल, त्याहून जास्त उपाशी राहिली तर फोन करा.

भाईंचा ओटा उंच, घर पायऱ्यापायऱ्यांचं. त्यामुळे ती आमच्याकडे राहायची ठरली. प्रश्न बोंबलांचा होता.

बायको सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "माझ्या घरात मासळी येणार नाही." मग ती मागच्या खोलीत गेली. तिथे सुपारीची पोती, जुना पंखा आणि कोयते असतात. खोलीला बाहेरून वेगळं दार आहे. ती परत आली आणि म्हणाली, "आतलं दार लावून टाका. ती खोली दोन आठवडे घरात धरायची नाही."

आतल्या दाराला कडी बसली. खोली घराबाहेर गेली. मला मांजरीपाशी जायचं तर पुढच्या दाराने बाहेर पडून, विहिरीला वळसा घालून, मागच्या दाराने आत जावं लागे, आणि परत येताना पाय धुवावे लागत.

पहिल्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. नरसाळं भिंतीवर आपटत ती मागे मागे चालत होती, जणू त्याच्यातून उलटं बाहेर पडता येईल. दुसऱ्या दिवशी भाई उकडलेल्या बोंबलांची वाटी घेऊन आले, काटे काढलेले, मीठ नाही. ते पोत्यावर बसले आणि तिच्याशी बोलत राहिले, काय ते मला कळलं नाही, तीस वर्षांत त्यांनी बऱ्याच भाषा गोळा केल्या होत्या. नरसाळ्यामुळे तिला वाटीपर्यंत पोचता येत नव्हतं. त्यांनी बोटांनी भरवलं. तिने खाल्लं. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच. बायको खिडकीतून विचारायची, "खाल्लं का?" तिकडून उत्तर यायचं, "थोडं खाल्लं, वहिनी." बारा वर्षांत हे त्यांचं दुसरं वाक्य.

सहाव्या दिवशी भाई आले नाहीत. मी गेलो तर ते अंगावर दोन गोधड्या घेऊन पडले होते. ताप होता. मुलगी दुसऱ्या दिवशी येणार होती. मी परत आलो आणि मांजरीपुढे दूधभात ठेवला. तिने एकदा हुंगला आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळीही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यातून उठली नाही. पायाला हात लावला तर फिस्कारली, तेही बसल्या जागेवरून.

मी अलिबागला फोन केला. बाई म्हणाल्या, "काहीही करून खायला घाला. जे खाते ते द्या. नाहीतर इकडे घेऊन या."

बायको माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचे स्वतःचे गुडघे दहा वर्षं दुखत आहेत, आणि "मला कोणी बोटीत बसवून कुठे नेलं नाही," असं तिने त्या आठवड्यात दोनदा सांगूनही झालं होतं. तिने पदर खोचला, पिशवी घेतली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

मासळीवाली नेहमीप्रमाणे आमचं घर सोडून पुढे निघाली होती. बायकोने तिला हाक मारली. ती थांबली, पण पाटी उतरवली नाही.

"काय झालं बाय? पत्ता पायजे काय?"

"बोंबील दे. चार."

मासळीवालीने तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मास्तरांना बरं न्हाय काय?"

"मांजरीला बरं नाही."

बोंबील पिशवीत पडले तेव्हा बायकोने पिशवी अंगापासून हातभर लांब धरली होती. ती तशीच धरून ती गडग्यापाशी गेली आणि तिने भाईंना हाक मारली. ते गोधडी पांघरूनच बाहेर आले.

"भाई, याचं काय करायचं असतं?"

त्यांनी गडग्याला टेकून सांगितलं. डोकं काढा. पोट साफ करा. पाणी थोडंच घाला, ते स्वतःचंच सोडतात. उकळी आली की उतरवा. मधला काटा धरून ओढला की सगळा निघतो. बायको प्रत्येक पायरीला "बरं" म्हणत होती. साफ करायचं आलं तेव्हा ती थोडी थांबली, मग त्यालाही "बरं" म्हणाली. "थंड करून बघा, मगच द्या," ते म्हणाले. "गरम दिलं तर रागावते, दिवसभर बोलत न्हाय."

विहिरीपाशी तीन दगडांची चूल मांडून, एका जुन्या पातेल्यात तिने ते केलं. सोललेल्या सुपारीशिवाय दुसऱ्या कशावर मी तिला इतकं एकाग्र पाहिलेलं नाही. नाकाला पदर होता. मी मदत करू का विचारलं तर म्हणाली, "तुम्ही नुसते उभे राहू नका, तिकडे जाऊन उभे राहा."

मग तिने मागच्या खोलीत जाऊन, पाय लांब करून जमिनीवर बसकण मारली आणि मांजरीला बोटांनी भरवलं. पहिला घास मांजरीने घेतला नाही. बायको म्हणाली, "हे बघ, मी आयुष्यात पहिल्यांदा केलंय. नावं ठेवू नकोस." दुसरा घास घेतला. चारही बोंबील संपले. बायको बराच वेळ उठली नाही. मला आधी वाटलं गुडघा धरला. मग पाहिलं, ती रडत होती, आणि हात खराब असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते. मी माझ्या रुमालाने पुसले.

"वासाने पाणी येतंय," ती म्हणाली.

टाके चौदाव्या दिवशी निघाले. गाठीचा अहवाल आला: गाठ वाईट होती, पण कडेपर्यंत स्वच्छ निघाली होती. "लक्ष ठेवा," बाई म्हणाल्या, "आणि सांध्यांचं आता कायमचं." सांध्यांना रोजचे थेंब, मऊ उबदार जागा, वजन वाढू द्यायचं नाही, आणि रोज थोडं चालवायचं. वजनाचं ऐकून भाई नाराज झाले. मी माळ्याच्या शिडीला आडव्या फळ्या ठोकल्या, पण ती परत वर गेली नाही. तिने मागची खोलीच धरली. आतल्या दाराची कडी बायकोने एक दिवस काढली. खोली घरात परत घेतल्याचं तिने काही जाहीर केलं नाही.

थंडीत मांजरीचे खुबे आखडले की बायको शेकायची पिशवी आधी तिला देते, मग स्वतः घेते. दोघी एकाच गोणपाटावर बसतात. भाई गडग्याला वळसा घालून येतात, पोत्यावर बसतात, आणि मासळीवाली आता आमच्या दाराशी न बोलावता थांबते. माझ्या बहिणीला हे कळलं तेव्हा तिने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे मासळी शिजते म्हणे?" बायकोने सांगितलं, "शिजते. आम्ही खात नाही. बोंबील ताजा कसा ओळखायचा ते हवं असेल तर सांगते."

सध्या मांजर पंधरा वर्षांची आहे. ऐकू कमी येतं. काल अंगणात सुपारी वाळत घातली होती, तर ती बरोबर मधोमध उन्हात जाऊन पडली. बायको खाली वाकून सुपारी खालीवर करत होती. मांजरीभोवतीची तेवढी सोडून तिने बाकीची सगळी हलवून घेतली.