बोक्याचं मराठी

धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत असे. दिवसभर नटबोल्ट आणि बेअरिंगं काढून द्यायची, आणि मागायला येणाऱ्या प्रत्येकाची कुरकुर ऐकून घ्यायची. संध्याकाळी एक बस धारवाडपर्यंत, दुसरी रायापूरपर्यंत, दोन्हींत उभं राहून. घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायची ताकद उरत नसे, आणि नेमकं तेच काम घरी माझी वाट बघत असायचं. कार्टूनमधल्या बोक्याच्या वतीनं बोलायचं काम.

त्याआधी आमच्याकडे कार्टून म्हणजे रविवारी सकाळी, हिंदीत, थोडा वेळ. आंघोळी उरकून गल्लीतली पोरं ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरात शिरायची. मग केबल आली. शेजारच्या गच्चीवरून आमच्या खिडकीत एक काळी वायर उतरली आणि दिवसभराचं कार्टून घेऊन आली, पण सगळं इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी कुणाला येत होतं? मला मालाच्या खोक्यावरचं वाचण्यापुरतं, बायकोला तेवढंही नाही, आणि लेक चार वर्षांची. ती माझ्या मांडीवर येऊन बसायची. ‘अप्पा, तो काय म्हणतोय?’

मला काय कळणार, कपाळ! पण एवढ्याशा पोरीपुढे ‘मला येत नाही’ म्हणायला जीभ रेटेना. मी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि स्वतःच बोलायला लागलो.

बोका कुठल्याही मालिकेतला असो, आमच्या घरी तो एकच होता. भाड्याच्या घरात राहणारा, पापभीरू, आणि विनाकारण मार खाणारा. कुत्राही कुठला का असेना, तो आमचा बस कंडक्टर. तो कन्नडमध्येच बोलायचा. ‘मुंद होग्री, मुंद होग्री,’ पुढं सरका, पुढं सरका, असं ओरडत तो बोक्याला भिंतीवर आपटायचा. बोका पापडासारखा चपटा व्हायचा, डोळे गरगर फिरवायचा, आणि माझ्या आवाजात विचारायचा, ‘मी काय केलो?’ लेक हसता हसता मांडीवरून खाली घसरायची. रोज तेच वाक्य आणि रोज तेवढंच हसू.

पुस्तकातलं मराठी ‘मी काय केलं’ असं असतं, हे मलाही ठाऊक आहे. लिहिताना मीही तसंच लिहितो. पण बोलताना आमच्याकडे ‘मी केलो’, ‘मी सांगितलो’, ‘मी बघितलो’. कन्नडमध्ये क्रियापद करणाऱ्याच्या मागून चालतं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून आमचं मराठीही तसंच चालायला लागलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. माझे वडील असंच बोलत. त्यात काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही, कारण चूक काढणारं इथं कुणी नव्हतंच.

दमल्यावर मी टाळाटाळ करून बघायचो. ‘आज बोक्याचा घसा बसलाय की गं.’

‘मग कुत्र्याला बोलू दे की.’

कुत्र्याचंही मलाच बोलायचं होतं. एकदा पाठ इतकी ठणकत होती की मी तिच्यावर खेकसलो. ती मुका बोका बघत राहिली, आणि मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बोका आपटायच्या आधीच दोनदा ‘मी काय केलो?’ म्हणाला.

मग कार्टून हिंदीत बोलायला लागलं. एका संध्याकाळी दारात चपला काढतोय, तर आतून भराभर हिंदी. लेकीनं मानही वळवली नाही. मी चहा घेऊन बसलो, आणि किती दिवसांनी तो गरम असताना संपला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. सुटलो एकदाचा, असंच वाटलं. वाईट वाटायला आठवडा लागला.

ती आठ वर्षांची असताना मे महिन्यात आम्ही पुण्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो. लहानपणी ती माझ्यासारखंच बोलायची; लग्नानंतर तिचं मराठी हळूहळू तिकडचं झालं. दुपारी तिची दोन मुलं आणि माझी लेक टीव्हीपुढे बसली होती. एक जुनं कार्टून लागलं, त्यात बोलणं नव्हतंच, नुसतं संगीत. लेक उठली, टीव्हीच्या बाजूला उभी राहिली आणि बोलायला लागली. माझाच बोका, माझाच कंडक्टर. तिला सगळं पाठ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. बोका भिंतीवर आपटला. ती थांबली, अगदी मी थांबायचो तेवढीच, आणि म्हणाली, ‘मी काय केलो?’

मुलं हसली. तीही हसली, कारण ती हसायचीच जागा होती. पण मुलं थांबेनात. ‘मी केलो, मी केलो,’ म्हणत एकमेकांना ढकलायला लागली. थोरला म्हणाला, ‘मामा, ही असं काय बोलते?’ बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून हळू आवाजात म्हणाली, ‘केलं म्हणायचं, बाळा.’

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तो बोका माझा आहे, तो असाच बोलतो, एवढं मी म्हणायला हवं होतं. पण रात्रीच्या प्रवासात डोळ्याला डोळा लागला नव्हता, घर टापटीप होतं, मेहुणे पेपर खाली करून बघत होते, आणि मला लाज वाटली. मी हसलो. म्हणालो, ‘कन्नड शाळेत जाते ना, तिथून उचलून आणते हे असलं.’

बहिणीला खरं ठाऊक होतं. ती आत गेली. लेक खाली बसली. उरलेले चार दिवस ती त्या मुलांशी हिंदीत बोलली, कार्टूनमधल्या हिंदीत, आणि तिला कुणी हसलं नाही. घरी आल्यावर ती माझ्याशीही कन्नडमध्येच बोलायला लागली. मी एकदाही विचारलं नाही की मराठी का सोडलंस. विचारायला तोंड कुठं होतं?

पुढं कार्टून कन्नडमध्येही आलं. तोवर ती ते बघायच्या वयाची राहिली नव्हती. मराठीतलं आमच्या घरी कधी आलंच नाही. माझं होतं तेवढंच.

ती बेंगळूरला शिकायला गेली आणि का कोण जाणे, फोनवर पुन्हा मराठी बोलायला लागली. बहुतेक हॉस्टेलवर कुणाला कळू नये म्हणून. ‘मी जेवण केलं, अप्पा.’ ‘केलं’च्या आधी ती जराशी थांबते. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

परवा दिवाळीला आली होती. संध्याकाळी मी टीव्हीपुढे बसलो होतो, ती शेजारी मोबाइल घेऊन. एक बोका धावत येऊन दारावर आपटला. मी रिमोट घेतला, आवाज बंद केला, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या वतीनं विचारलं, ‘मी काय केलो?’

तिनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

‘केलं म्हणायचं, अप्पा,’ ती म्हणाली, तशीच हळू आवाजात.

मी टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला.