याडीचा बैल आणि माझी सुई

महागावजवळच्या तांड्यांवर गुरांना सुया टोचत फिरणं ही माझी नोकरी. कागदावर हुद्दा लांबलचक आहे, पण लोक डॉक्टरीणबाई म्हणतात आणि मला तेच आवडतं. त्या पावसाळ्यात शेजारच्या गावात गुरांचा लम्पी रोग आला, जनावरं दगावायला लागली. आमच्या तांड्यातली सगळी गुरं मी धडाधड टोचून काढली. एक सोडून.

तो याडीचा बैल. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. त्या म्हातारीला अख्खा तांडा याच नावाने हाक मारतो. जोडीतला दुसरा बैल शेजाऱ्याचा, हा एवढा तिचा स्वतःचा. तिची शेती त्याच्याच जिवावर. आणि बैल कसला, माय वं! मागच्या वर्षी सुई घेऊन जवळ गेले, तर त्याने मला उचलून कडब्याच्या गंजीत फेकलं होतं.

मग काय, रोज नवं निमित्त! आज लसीचा बर्फ वितळला, आज गाडी पंक्चर, आज साहेबांची मीटिंग. याडी वाटेत अडवायची, "कवा येशीन वं बाई?"

"उद्या येते, याडी!" म्हणत मी स्कुटीचा कान पिळायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कळलं, आजार पलीकडच्या वस्तीवर पोहोचला. बैल गेला तर म्हातारी काय करेल? संध्याकाळी लस भरलेली सुई खिशात घालून पोहोचले तर तिच्याकडे खांदेमळणी चाललेली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला याडी तूप-हळद चोळत होती, आणि तो राक्षस डोळे मिटून, मान लांब करून लाळ गाळत उभा!

"पाहून काय राह्यली? लाव हात," याडी म्हणाली.

मी चोळायला लागले. चोळता चोळता मानेचं कातडं चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हाताने सुई आत. बैलाने शेपूट हलवली. बस्स, एवढंच! यासाठी मी झोप घालवली होती? मी खदखदा हसले, शेणात पाय घसरून पडले, उठून याडीला मिठी मारली. बैलालाही मारणार होते, पण तेवढी हिंमत अजून नव्हती.

मग रीतीप्रमाणे याडीने बैलाला सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." आणि माझ्याकडे वळली. "तू बी ये. पण उद्या म्हंजे मायावाला उद्या. तुयावाला नाही."

दुसऱ्या दिवशी पुरण शिजायच्या आधीच मी तिच्या दारात हजर होते.