बसलेला बैल

उद्या बेंदूर, बैलांचा सण. शिवाजी पेठेत मातीच्या बैलांची जोडी हातात घेतली आणि त्या ओलसर वासासरशी मी तीस वर्षांमागं मी शिकवत होते त्या बालवाडीत जाऊन पोचले.

तोही बेंदराचा आदला दिवस. खिडकीतून कोवळं ऊन आलेलं, चिमुकले हात मातीनं बरबटलेले. सगळी मुलं बैल करत होती. उचगावच्या शेतकऱ्याची चार वर्षांची सुमन मात्र नुसता गोळा घेऊन बसलेली, वर दोन बारकी शिंगं. मी पटापट चार पाय वळून लावले आणि तिचा बैल उभा केला. "हं, आता झाला बैल!"

तिचे डोळे भरले. "बाई, त्यो बसलता की! आज हळद-तेल लावून खांदं मळत्यात त्याचं. आज त्याला काम न्हाय."

मला वाटलं होतं, पोरीला पाय जमले नाहीत. तिनं बैलाला विसावा दिला होता, हे कळायला मला पुढं कितीतरी मुलं शिकवावी लागली. त्या दिवशी मी नुसती हसले आणि पुढच्या मुलाकडं वळले.

तिरप्या नजरेला दिसलं, मागं सुमन एकेक पाय हळूच काढत होती. बोटानं खांदा चोळत ती बैलाला म्हणाली, "बस रं. गेल्या बाई."