जित्या माणसाचं अळणी जेवण

त्या दोन महिन्यांत मी बाबांच्या नडगीवर इतक्यांदा अंगठा दाबला, की मला पाहिलं की ते पायच ओढून घ्यायचे. चांद्याच्या डॉक्टरांनीच शिकवलं होतं. दाबल्यावर खळगा पडला आणि तसाच राहिला, तर पायांत पाणी आहे. हृदय थकलंय, म्हणाले. रक्त पुढे ढकलायला त्याचा जोर पुरत नाही, मग अंगात पाणी साचतं, आणि मीठ ते पाणी धरून ठेवतं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, झोपताना पाठ उंच, आणि मीठ बंद.

धानोऱ्याकडच्या आमच्या गावाहून चांदा म्हणजे आधी बैलबंडी, मग मोटार. पुन्हा न्यायची वेळ आली तर बाबा वाटेतच जातील, या भीतीनं माझ्या डोक्यात घर केलं होतं. धानाचं पोतं त्यांच्या पाठीशी मी लावलं, गोळ्या मी दिल्या, तरी खळगा रोज खोलच. मला एका जागी बसवेना. अंगणात जायचं, आत यायचं, पुन्हा पाय दाबायचा.

"काऊन वं पोरी, पायाले भिंगरी लागली का तुह्या?" माय म्हणायची. तिचा शांतपणा पाहून माझं डोकं आणखीच फिरायचं.

एका दुपारी बाबांसाठी वेगळ्या काढलेल्या वरणात मी बोट बुडवून चाखलं. चांगलं मीठ घातलेलं होतं.

मी ओरडलेच. माय चुलीपुढून हललीही नाही. आमच्यात घरी मयत झालं की दहा दिवस अळणी खातात.

"जित्या माणसाले सुतकाचं जेवण वाढू? माह्या हातानं?" ती म्हणाली.

मी तशीच बाबांकडे गेले. ते खाली पाहत म्हणाले, "मले पयल्याच घासाले समजलं होतं. तिच्यानं होत नाई थे. मी खाल्लं."

मला दोघांचाही भयंकर राग आला. मी तापट, जिभेला हाड नाही. चुलीपाशी येऊन म्हटलं, "मीठ नाई, जहर देऊन राह्यली तू त्याइले!" हे बोलायला नको होतं. अजून आठवलं की लाज वाटते.

माय त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कपाळभर कुंकू लावलं, लग्नकार्यासाठी जपलेल्या हिरव्या बांगड्या भरल्या आणि बाबांच्या ताटाशी वरणाचं भांडं घेऊन उभी राहिली.

"आपल्या घरी कोनी मेलं हाये का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

बाबांनी ताट पुढे केलं, तर तिनं भांडं मागे घेतलं.

"बोला नं!"

"नाई," बाबा म्हणाले.

"पोरी, तू?"

"नाई वं माय."

"मंग जेवा." आणि तिनं अळणी वरण वाढलं.

पंधरा दिवसांत सूज उतरायला लागली. बाबा अंगणापर्यंत चालू लागले, शेजाऱ्यांशी भांडूही लागले. माय मात्र दोन्ही वेळच्या जेवणाला तोच प्रश्न विचारायची, आणि उत्तर मिळाल्याशिवाय ताटात काही पडायचं नाही. बाबा तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे, "कोनीच नाई मेलं!"

असं दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी बाबा उठलेच नाहीत, आणि मायनं काहीच विचारलं नाही. त्या दिवशीचं अळणी मी रांधलं.