तात्यांची लांबची तार

तात्यांच्या जीपमध्ये नारळ कायम असायचा. गावात कुठं कुदळ पडली की तात्या हजर, आणि काम कुणीही आणलेलं असो, नारळ तात्याच फोडणार. बेल्ह्याच्या अलीकडच्या आमच्या गावातले ते मोठे बागायतदार. पंचायतीत त्यांचाच शब्द चालायचा. 'म्या आनलं' हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की एक दिवस हे गृहस्थ पाऊसही आपणच आणला म्हणतील, असं मला वाटायचं. म्हणालेही एकदा.

मी तेव्हा शाळेशेजारच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवायचे. कोर्सची परीक्षा इंटरनेटवर व्हायची, त्यामुळे गावात ब्रॉडबँड आल्याशिवाय माझ्या क्लासला मान्यता नव्हती. बैलबाजारात घुंगरमाळा विकणारे रशीदभाई मला स्पष्टच म्हणाले होते, "बाई, गावात व्हत असंल तर शमीमला शिकवा. एसटीनं नारायणगावला न्हाई धाडायचो. मग लगीनच उरकून टाकीन." त्यांची शमीम माझ्या क्लासातली सगळ्यात हुशार मुलगी. टायपिंग करताना तिला हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

एकदाचे फोन खात्याचे साहेब आले. एक्स्चेंजपासून शाळेपर्यंत सरळ चर खोदायची आणि केबल टाकायची, एवढंच काम. पण सरळ वाट जात होती तात्यांचे चुलतभाऊ रघुनाथराव यांच्या बांधावरून, आणि त्या बांधापायी दोघांचं बोलणं कधीचंच बंद होतं.

"त्याच्या बांधावरून माज्या गावाचं इंटरनेट जायचं न्हाई," तात्यांनी जाहीर केलं. "माज्या वस्तीवरून न्या. वळसा पडला तर पडू द्या."

साहेब काकुळतीला आले. "अहो, तार इतकी लांबली तर ब्रॉडबँड चालणारच नाही."

"साहेब, म्या धरणावरून मळ्यात पाईपलाईन आनलीय. लांबून यायला जोर कमी पडला तर मधी मोटर बसवू. दहा एचपीची! हाय काय आन् नाय काय!"

लोक हसले. तात्यांना नव्हे हो, साहेबांना! मी तोंड उघडलं तर तात्या म्हणाले, "बाई, तुमी पोरींकडं बघा." माणसाला एखादी गोष्ट कळत नाही, याचं मला काही नाही. पण न कळण्याचा एवढा रुबाब? किळस यायची अगदी.

शेवटी चर तात्यांच्या वस्तीला वळसा घालूनच गेली. उद्घाटनाला आमदार आले, फीत कापली, फोटो निघाले. स्क्रीनवरचं पान मात्र उघडेना. तात्या आमदारांच्या कानाशी म्हणाले, "इंजनाला बी गरम व्हायला येळ लागतो." ते इंजिन उन्हाळा संपेपर्यंत गरम होत राहिलं. मान्यता आली नाही. क्लास बंद पडला. रशीदभाईंनी बोलल्याप्रमाणे शमीमचं लग्न उरकलं. निरोप घ्यायला आली तेव्हा विचारत होती, "बाई, तार चालू झाली तर कळवाल ना?"

पुढं काही वर्षांनी तात्या गेले. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. नदीकाठी मांडव घालून माईकवरून श्रद्धांजली वाहतात. मी लोकलाजेखातर गेले होते. एक पुढारी गळा काढून म्हणाला, "तात्यांनी या गावाला जगाशी जोडलं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भर मांडवात उभी राहिले आणि ओरडले, "खोटं आहे! साफ खोटं!"

तो पुढारी माईकवरून हळव्या आवाजात म्हणाला, "बाईंना खरंच वाटत न्हाई तात्या गेले म्हणून. पाणी द्या कुनीतरी त्यांना."

आणि चार बायकांनी मला धरून खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवत पाणी पाजलं.