बुटांतले पाय

चेन्नईत, गिंडीतल्या त्या शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या, हा आमच्या रविवारच्या नाचाचा एकमेव नियम. आठवडाभर तिथे लेथ चालायचे. रविवारी दुपारी मालक किल्ली द्यायचा, आम्ही लोखंडाचा कीस झाडून लादी पुसून घ्यायचो, आणि माझा मित्र पाटावर यंत्रं मांडून, जमिनीवर मांडी घालून इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचा. वर बघायचाच नाही. बघायचा फक्त पाय. टाचा उचलल्या की ठेका ताणणार, अंगठे दाराकडे वळले की बदलणार.

मी सांगलीचा, अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. तो तंजावरकडचा मराठी, शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या जुनाट मराठीची मी टर उडवायचो, तो माझ्या तमिळची. खरं सांगतो, तो रविवार नसता तर मी कधीच बॅग भरून गावी पळालो असतो.

मग एका कंपनीनं शहरातले क्लब घेतले, तिकिटांचं ॲप घेतलं, कलाकारांना कामं मिळवून देणारी एजन्सीही घेतली. पोस्टरं निरनिराळी, मालक एकच. त्यांनी ह्याला तीन वर्षांचा करार देऊ केला. त्यांच्याकडेच वाजवायचं, दुसरीकडे कुठेही नाही. म्हणजे आमची शेड बंद. नाही म्हणावं, तर शेडबाहेर वाजवायला जागाच उरली नव्हती. सहीआधी एक कार्यक्रम करून बघ, म्हणाले. त्यावर हा मला म्हणतो, तू ये, पाय बघ आणि खरं काय ते सांग, तू सांगशील तसं करतो.

बोंबला! लोढणं आलं माझ्या गळ्यात. नको म्हणालो तर ते त्याच्यासाठी की माझ्या रविवारासाठी, हे मलाच कळेना.

समुद्राकाठच्या ईसीआर रस्त्यावर त्यांच्या कार्यक्रमाच्या मैदानावर तीन वाजता पोचलो आणि सवयीनं फाटकाशीच चपला काढल्या. सिक्युरिटीवाल्यानं हटकलं. विम्याचा नियम आहे म्हणे, अनवाणी माणसाला आत सोडत नाहीत. आणि त्याच्या मागेच आमच्या शेडच्या दारातल्या चपलांचा भलामोठा फोटो लावलेला! डोक्यात तिडीकच गेली. फोटोच्या कोपऱ्यात माझीच जोडी होती, तुटका अंगठा सेफ्टी पिनेनं जोडलेली. तरी, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.

स्टेज दोन मजली. काय वाजवायचं त्याचा क्रम आधीच ठरलेला, कारण दिवे आणि धूर त्याला बांधलेले. मी कामाला लागलो, पाय बघायला लागलो. सगळे बूट. बुटांतल्या टाचांचं काय डोंबल कळणार? आणि संगीत मात्र चांगलं होतं हो. शेडमधले आमचे खरखरणारे स्पीकर कुठे आणि हे कुठे. रागारागानं उभा होतो तो मीच कधी नाचायला लागलो, कळलं नाही. शेजारच्या एका मुलीनं आपणहून पाण्याची बाटली पुढे केली. माणसं चांगली होती. मग मी राग धरायचा कुणावर?

सहाच्या सुमाराला तो पार्किंगमध्ये आला, कराराचे कागद हातात घेऊन. वरून पाय दिसले नाहीत म्हणाला, नुसते हात आणि मोबाईल. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण ते मला फार आपमतलबी वाटलं. मी मोठ्या मनाचा आव आणला.

"नाचत होते," म्हणालो. "मीही नाचलो. कर सही."

माझ्याच स्कूटरच्या सीटवर, माझ्याच पेनानं त्यानं सही केली. पेनाला टोपण लावून माझ्या हातात देताना म्हणाला, "तूं नको म्हणशील अशी आस धरून बसलों होतों मी."

मग आधी बोलायला काय झालं होतं, म्हणून मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण माझंही 'नको' तोंडातच राहिलं होतं.