ओकानो-सानांचं धुराडं

नवऱ्याला आग्रह करायला शिकवावं लागेल, असं लग्नात मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. श्रीहरी डोंबिवलीचा. त्यांच्या घरात पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला, तरी बोटांच्या फटीतून जिलबी वाढतात. पण जपानला, तोयोसूच्या ऑफिसात पाठवण्याआधी कंपनीने त्याला शिकवलं, की जपानी माणूस ‘नको’ म्हणाला की विषय संपला, पुन्हा विचारायचं नाही. झालं! साहेबांनी ते मनावर कोरून घेतलं.

फुनाबोरीत आम्ही ओकानो-सानांचं जुनं घर भाड्याने घेतलं होतं. त्या सत्तरी ओलांडलेल्या, शेजारीच एकट्या राहायच्या. आमच्या छतावरचं विटांचं धुराडं त्यांच्या यजमानांनी सुट्ट्यांच्या दिवशी स्वतःच्या हातांनी रचलेलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. २००५च्या जुलैतल्या भूकंपात धुराड्याला चीर पडली आणि वरच्या विटा अंगणात आल्या.

गवंडी आला, वर चढून बघून म्हणाला, “सांध्यांतला चुना भुसभुशीत झालाय. नवा भरून, लोखंडी पट्टे आवळून उभं ठेवता येईल. नाहीतर उतरवून टाकू.”

ओकानो-सान श्रीहरीला म्हणाल्या, “राहता तुम्ही. तुमच्या सोयीचं करा.”

श्रीहरी वाकून म्हणाला, “घर तुमचं. तुम्ही म्हणाल तसं.”

त्या वाकल्या, हा वाकला, पुन्हा त्या वाकल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “तुमची मुलगी लहान आहे. काढून टाकू या.” हा म्हणाला, “ठीक आहे.”

घरात आल्या आल्या मी त्याला धरलं. “अरे, तुला ते पाडायचं होतं?”

“मला? मला तर आवडतं ते. पण त्यांना नकोय ना!”

“यजमानांच्या हातचं त्यांना नको कसं असेल?”

“मग तसं म्हणाल्या का नाहीत? विभा, मला खरंच काही कळेनासं झालंय.”

कळत मलाही नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू? त्यांना आमच्या शिवानीची खरंच काळजी वाटत असली तर? आपण मध्ये तोंड घालायचं आणि उद्या वीट कुणाच्या डोक्यात पडायची. तो विषय तिथेच सोडला.

शनिवारी धुराडं उतरवायला परांची बांधून झाली. दहा वाजता ओकानो-सान चहा घेऊन आल्या. इथे घरकामाला आलेल्या कारागिरांना चहा द्यायची रीतच आहे. चहा झाला, गवंडी उठला, तर त्यांनी कप पुन्हा भरला. मग तांदळाच्या कुरकुरीत चकत्या आल्या. त्या संपतात तोवर कलिंगड कापून आणलं. बिचारा गवंडी मांडीवर हातोडा घेऊन खातोय.

“अगं, यांना काम करून घ्यायचंय की नाही?” श्रीहरी चक्रावला.

मला एकदम रडूच आलं. “त्याला वर चढू द्यायचं नाहीये रे त्यांना! डोंबिवलीचा ना तू? जा, पुन्हा विचार.”

“पण ऑफिसात सांगितलंय की...”

“चुलीत गेलं तुझं ऑफिस!”

तो गेला. धुराडं ठेवू या का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “नको, तुम्हाला त्रास.” हा लगेच माघारी वळला. मी डोळे वटारले, तसा पुन्हा गेला आणि एका दमात म्हणाला, “ओकानो-सान, आम्हाला हवंय ते धुराडं. राहू द्या ना.”

त्यांच्या हातातली किटली थांबली. “खरंच?”

“खरंच.”

त्या गवंड्यासमोर इतक्या खाली वाकल्या, की तो कलिंगडाची फोड हातात धरूनच धडपडत उभा राहिला.

थंडी पडल्यावर आम्ही घरातली जुनी लाकडावरची शेगडी पेटवून पाहिली. डागडुजी झालेल्या धुराड्यातून धूर सरळ वर गेला. बाहेर ओकानो-सान गल्लीत मान वर करून उभ्या होत्या. श्रीहरीने दार उघडलं. “आत या, चहा घ्या.”

“नको, नको.”

त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच शेगडीत लाकूड सारत बसले. त्याने पुन्हा विचारलं.

ओकानो-सानांनी चपला काढल्या.